४६ मुले आणि आठ भूमिका

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी आठवी-नववीच्या मुलांसाठी दर शनिवारी नाटकाचा एक तास माझ्याकडे दिला आहे. डिसेंबरमधील स्नेहसंमेलनात त्यातून नाटक उभे राहावे आणि जमल्यास ते स्पर्धेतही जावे, अशी त्यांची इच्छा आहे. मी नाटकाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नाही. एक छापील बालनाट्य निवडले. त्यात आठ भूमिका आहेत आणि मुले ४६. आठ जण संवाद घोकतात, बाकीचे भिंतीला टेकून बसतात आणि दंगा करतात. जे बोलतात त्यांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. बोलण्यात मालवणी येते, म्हणून मला सारखे थांबवावे लागते. मुलगे आणि मुली शेजारी उभे राहायला तयार नसतात. एक मुलगा अडखळत बोलतो. त्याला नाटकात यायचे आहे, पण बाकीचे हसतील या भीतीने मी त्याला पडदा ओढण्याचे काम दिले आणि तेव्हापासून माझे मन मला खाते आहे. माझे कोठे चुकते आहे? — एक शिक्षिका

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवडलेले छापील नाटक दिवाळीपर्यंत कपाटात ठेवावे, ही माझी पहिली विनंती आहे. ते नाटक वाईट असेल असे मला म्हणायचे नाही. परंतु ज्या तासाला ४६ मुलांना काही शिकवायचे आहे, त्याची सुरुवात आठ जणांच्या संवादांपासून झाली की उरलेल्या ३८ जणांचा तास पहिल्याच शनिवारी संपतो. भिंतीला टेकून बसलेली मुले दंगा करतात, कारण त्यांना करण्यासारखे दुसरे काही दिलेले नसते. नाटक शिकवणे आणि नाटक बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि आपल्या शाळांत त्यांची कायम गल्लत होते. नाटक शिकताना मूल समोरच्याचे ऐकायला शिकते, स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहते, आपल्या आवाजाची आणि शरीराची ओळख करून घेते. नाटक बसवताना एक प्रयोग प्रेक्षकांपुढे नीट पार पाडायचा असतो. पहिले काम मनापासून झाले तर दुसरे त्यातून आपोआप आकार घेऊ लागते. उलट क्रमाने ते घडलेले मी फारसे पाहिलेले नाही.

संहिता बाजूला ठेवली तर मुले बोलतील काय, ही शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर तुमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपातच आहे. पावसाळा सरून जत्रांचा हंगाम सुरू झाला की तेथे रात्री दशावतार उभा राहतो. ते नट संवाद पाठ करून येत नाहीत. आख्यान कोणते लावायचे, कोणी कोणती भूमिका करायची आणि कोणत्या प्रवेशात काय घडले पाहिजे, एवढे आपसांत ठरते आणि मग पेटी, पखवाज व झांजेच्या साथीने पहाटेपर्यंत बोलणे जागच्या जागी रचले जाते. समोरचा राजा नेमके काय म्हणेल हे ठाऊक नसल्यामुळे नटाला ते ऐकावेच लागते, आणि म्हणून त्याच्या उत्तरात जीव असतो. आपल्या नाटकाचा आरंभही याहून फार वेगळा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे रचलेली होती आणि ती सूत्रधार म्हणत असे. पात्रांची गद्य भाषणे मात्र बहुतांशी नट आपल्या बुद्धीने करीत. तेव्हा मुलांना संवादाऐवजी प्रसंग देणे ही काही परक्या देशातून आणलेली नवलाई नाही. तुमच्या वर्गातील कित्येक मुलांनी लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत हीच रीत पाहिलेली आहे.

आता तासाकडे वळू. ३५ मिनिटांच्या तासात बाक हलवण्यातच वेळ जाईल, म्हणून वर्ग सोडा आणि व्हरांड्यात किंवा प्रार्थनेच्या मोकळ्या जागेत जा. पहिले तीन शनिवार केवळ खेळांसाठी ठेवा आणि त्या खेळांत ‘अभिनय’ हा शब्दही उच्चारू नका. एक खेळ असा: मुले गोलात उभी राहतात आणि एक ते वीस आकडे मोजतात. कोणी कधी आकडा म्हणायचा हे ठरलेले नसते, खुणा करायच्या नसतात, आणि दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून सुरुवात करायची. ४६ जणांत हा खेळ फार लांबतो, म्हणून दोन गोल करा. पहिल्या दिवशी मुले सात-आठच्या पुढे जाणार नाहीत, हसतील, एकमेकांना दोष देतील. तिसऱ्या शनिवारी त्याच गोलात अशी शांतता पसरते की वाटेने जाणारे शिक्षक थबकून पाहतात. रंगमंचावर आपली पाळी ओळखणे म्हणजे काय, हे शब्दांत सांगण्यापेक्षा अशा खेळातून लवकर कळते.

मुलगे-मुली शेजारी उभे राहत नाहीत, ही तेरा-चौदा वर्षांच्या वयाची स्वाभाविक गोष्ट आहे. तिच्याशी भांडू नका आणि हात धरायला तर मुळीच सांगू नका. जन्मतारखेच्या क्रमाने, तोंडातून शब्द न काढता, एका रांगेत उभे राहायला सांगा. सगळे लक्ष तारखा जुळवण्यात असल्यामुळे शेजारी कोण आले याचा विचार मागे पडतो. त्या रांगेतूनच सात-आठ जणांचे सहा गट पाडा. आरशाचा खेळही हातभर अंतरावरून खेळता येतो: एकाने सावकाश हालचाल करायची आणि समोरच्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. स्पर्श हवा की नको, हे मुलांनी ठरवायचे आहे.

चौथ्या शनिवारपासून स्थिरचित्रे घ्या. प्रत्येक गटाला त्यांच्या जगण्यातील एक साधा प्रसंग द्या. तालुक्याहून येणारी शेवटची एस.टी. चुकली, जत्रेत धाकटे भावंड हरवले, चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी घरी आले आणि सर्वांना निजायला जागा पुरेना. गटाने त्या प्रसंगाची तीन चित्रे करायची, आरंभाचे, मधले आणि शेवटचे, आणि प्रत्येक चित्रात फोटोत असल्यासारखे निश्चल उभे राहायचे. मग तुम्ही एकेकाच्या खांद्याजवळ जाऊन हात वर करायचा आणि त्याने त्या क्षणी मनात काय चालले आहे ते एका वाक्यात सांगायचे. हरवलेल्या मुलाची ताई म्हणते, ‘आईक काय सांगू?’ आणि खेळण्यांच्या दुकानातला माणूस म्हणतो, ‘गिऱ्हाइकाच्या वेळेस हा काय गोंधळ?’ एवढ्या दोन वाक्यांत नाटक सुरू झालेले असते. त्यानंतर चित्राला एक मिनिट हलू-बोलू द्या. एका तासात ४६ जणांनी काम केलेले असते, आणि कोणालाही पाठांतर करावे लागलेले नसते.

गट एकमेकांसमोर चित्र सादर करतील, तेव्हा ‘छान’ किंवा ‘चुकले’ असा शेरा देऊ नका. पाहणाऱ्यांना ‘तुम्हाला काय दिसले?’ एवढेच विचारा. आपण दाखवू गेलो एक आणि लोकांना दिसले दुसरेच, हा अनुभव मुलांना जितका शिकवतो तितका आपला शेरा शिकवत नाही.

यापुढची पायरी मला फार मोलाची वाटते, कारण ती शिक्षकाला खुर्चीवरून उठवते. इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या थोर नाट्यशिक्षिका होऊन गेल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरणीत विणकाम करू लागल्या होत्या आणि पुढे त्यांनी न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. शिक्षकाने बाहेर उभे राहून सूचना देण्याऐवजी स्वतः एखाद्या भूमिकेत प्रसंगात उतरावे, ही रीत त्यांनी रुजवली. तुमच्या गावासाठी ती अशी वापरता येईल. वर्ग म्हणजे ग्रामसभा आहे. कोणी सरपंच, कोणी पालक, कोणी आजी, कोणी रिक्षावाला, तर कोणी पहिलीतला मुलगा. तुम्ही खांद्यावर शाल घेता आणि तालुक्याहून आलेल्या अधिकारी होता: ‘तुमच्या वाडीतील प्राथमिक शाळेचा पट फार कमी झाला आहे. मुलांना पुढच्या गावच्या शाळेत पाठवण्याचा विचार आहे. कोणाचे काही म्हणणे आहे का?’ हा प्रश्न त्यांनी आपापल्या घरात ऐकलेला आहे. पाच मिनिटांत ओढ्यावरचा साकव, पावसाळ्यातील वाट, दुपारचा पोषण आहार, एकट्या मुलीला पाठवण्याची भीती असे सारे बाहेर येईल, आणि एरवी उत्तरासाठी कधीही हात वर न करणारे मूल ‘मॅडम, ह्या चलाचा नाय’ असे तुम्हाला ठणकावून सांगेल. तुम्ही अधिकारीपण सोडू नका. अडचणी विचारा, कागद मागा, ‘पर्याय काय’ म्हणा. मग शाल काढून ठेवा. शाल काढली की तुम्ही पुन्हा बाई आणि ती पुन्हा मुले, हे आधी ठरलेले असू द्या. त्यानंतरची दहा मिनिटे बोलण्यासाठी राखून ठेवा: कोणाचे म्हणणे पटले, कोण गप्प राहिले आणि का. ही दहा मिनिटे कापली तर उरतो तो नुसता गोंगाट.

येथे एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. अशा प्रसंगांतून कधी कधी मुलाच्या घरातील खरे दुःख वर येते. मुलांना स्वतःची खासगी हकिगत सादर करायला कधीही सांगू नका. प्रसंग नेहमी ‘कोणा एका मुलाचा’ असू द्या. तरीही काही कळले, तर ते रंगमंचावर आणू नका. त्या मुलाशी बाजूला, शांतपणे बोला, आणि गरज असेल तर १०९८ या बालक मदतवाहिनीशी संपर्क साधा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती बाब शाळेत मिटवण्याची नाही.

आवाजाबद्दल तुम्ही लिहिले आहे. ‘मोठ्याने बोल’ ही सूचना आपण सगळेच देतो आणि तिचा परिणाम असा होतो की मूल वाक्याचा आरंभ ओरडून करते आणि शेवट गिळून टाकते. मराठीत हे विशेष घातक आहे, कारण आपले क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘मी आता त्या घरी परत जाणार नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द हरवला की मागच्या रांगेतल्या माणसाला नेमके उलट ऐकू येते. म्हणून मुलांना शेवटचा शब्द पोहोचवायला शिकवा. पटांगणावर दोन मुले समोरासमोर तीन मीटरवर उभी करा. एकाने वाक्य बोलायचे आणि दुसऱ्याला शेवटचा शब्द स्पष्ट ऐकू आला तरच त्याने हात वर करायचा. मग अंतर सहा मीटर, मग बारा. ओरडण्यास मनाई ठेवा. मुले आपोआप वाक्यापूर्वी श्वास घ्यायला, तोंड उघडायला आणि सावकाश बोलायला लागतात. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटण्याचा काळ असतो, हेही ध्यानात ठेवा. मध्येच आवाज चिरकला तर ती चूक नव्हे. तो काय बदल आहे ते एकदा विज्ञानाच्या तासासारखे सरळ समजावून सांगा, म्हणजे हसणे बरेचसे थांबेल, आणि त्या काळात त्यांच्याकडून ओरडण्याची कामे करून घेऊ नका.

मालवणीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: थांबवू नका. मूल प्रसंगात शिरलेले असते आणि आपण ‘इलंय नव्हे, आलो म्हण’ असे सांगतो, त्या क्षणी ते प्रसंगातून बाहेर पडून व्याकरणाच्या तासाला येऊन बसते. दशावतारात राजा भारदस्त प्रमाण मराठीत बोलतो आणि संकासुर हा गमतीदार राक्षस मालवणीत, आणि दोन्ही भाषा प्रेक्षकांना आपापल्या जागी शोभून दिसतात. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने तर मालवणी बोलीत हजारो प्रयोग केले. तुमच्या नाटकातील अधिकाऱ्याने प्रमाण भाषेत बोलावे आणि आजीने मालवणीत. कोणती भाषा कोणाच्या तोंडी का, याची चर्चा करा. मराठीच्या शिक्षिकेला याहून चांगला भाषेचा पाठ कोठे मिळणार?

आता अडखळत बोलणाऱ्या त्या मुलाविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका समूहवाचनात आवाज खूप बारीक असलेल्या एका मुलीला मी ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले होते. वर्षभर तिने तसेच केले. माझा हेतू तिला वाचवण्याचा होता, पण तिला कळले ते एवढेच की तिचा आवाज नको आहे. तुम्ही दिलेल्या पडद्याच्या कामात दुष्टपणा नाही, तरी ते काम त्याने मागितलेले नव्हते. त्याला एकटा गाठा आणि सरळ विचारा: तुला काय करायला आवडेल? अडखळणाऱ्या पुष्कळ जणांचे बोलणे इतरांबरोबर एका सुरात म्हणताना, गाताना किंवा भूमिकेत असताना मोकळे होते. प्रत्येकाचे होतेच असे नाही, आणि नाटकाने अडखळणे बरे होईल असे आश्वासन त्याला देऊ नका. तो बोलत असताना त्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचे नाही, ‘हळू बोल’, ‘घाबरू नको’ म्हणायचे नाही, आणि त्याच्या तोंडाकडे नेहमीच्या नजरेने पाहत थांबायचे, हे नियम सर्वांसाठी करा, त्याचे नाव न घेता. त्याची इच्छा असेल तर त्याच्या भूमिकेचे शब्द त्यालाच निवडू द्या, कारण कोणते अक्षर अडते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला आणि पालकांना हवे असल्यास वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा मार्ग स्वतंत्रपणे दाखवा.

स्नेहसंमेलनाचे नाटक दिवाळीच्या सुट्टीनंतर हाती घ्या. तोवर मुलांनी रचलेले दहा-बारा प्रसंग तुमच्याजवळ असतील. त्यांतील सर्वांच्या मनात राहिलेले चार-पाच निवडा आणि एका धाग्यात ओवा. शाळेच्या पटाचा प्रश्न हाच धागा होऊ शकेल. दोन-तीन मुलांना लेखनिक करा. तालमीत जे बोलणे चांगले निघेल ते त्यांनी वहीत टिपून ठेवायचे, म्हणजे शेवटी जी संहिता होईल ती मुलांची असेल. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. तेथे वस्तीतील मुलांनी आपल्याच जगण्यातून नाटिका उभ्या केल्या आणि त्यासाठी त्यांना राक्षस किंवा राजपुत्र यांची गरज भासली नाही. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या बालनाट्यसंस्थेची नाटके १९८६ च्या सुमारास मोहन आगाशे यांच्या प्रयत्नांतून पुण्यात आली. त्यांचाही विषय मुलांच्या रोजच्या आयुष्यातील खरे प्रश्न हाच होता, जरी त्यांत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात.

प्रयोग २० ते २५ मिनिटांचाच ठेवा. ४६ जणांना काम मिळावे म्हणून समूहाचा उपयोग करा: दहा मुलांनी मिळून एस.टी. व्हावे, पंधरा जणांनी पावसाळी ओढा. एकच आजी तीन मुली करू शकतात. डोक्यावरचा पदर किंवा खांद्यावरचा पंचा एकीकडून दुसरीकडे गेला की प्रेक्षकांना कळते. मुलीने सरपंच व्हावे, मुलाने काकू. ज्या मुलखात पुरुष नट लुगडे नेसून रात्र जागवतात तेथे यात कोणाला नवल वाटू नये. संगीत, प्रकाश, सामान आणि मागून शब्द पुरवणे ही कामे मागून घेणाऱ्यांनाच द्या, उरलेल्यांना नव्हे. आणि शक्य असेल तर ध्वनिक्षेपकाचा मोह टाळा. मंडपातील तीन उभ्या माइकांमुळे मुले बोलण्यापूर्वी त्यांच्याकडे धावतात आणि सारे नाटक तीन ठिपक्यांवर येऊन अडकते. शाळेच्या पटांगणात, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक जवळ बसवून, दिवसाउजेडी प्रयोग केलात तर बारा मीटरचा सराव झालेली मुले सहज ऐकू येतील.

मुख्याध्यापकांना एखाद्या शनिवारी ग्रामसभेचा तास पाहायला बोलवा, आणि शक्य तर त्यांनाही गावकऱ्यांत बसवा. एकदा पाहिले की ते तुमच्या बाजूचे होतील असा माझा अनुभव आहे. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा असते. तिला जायचे की नाही हे नाटक तयार झाल्यावर मुलांना विचारून ठरवा, पण स्पर्धेसाठी म्हणून ४६ जणांतून आठ जण वेचून काढण्याची वेळ आली तर यंदा जाऊ नका. या तासाला गुण द्यायचे असतीलच तर अभिनयाला देऊ नका. प्रत्येकाने महिन्यातून एकदा वहीत अर्धे पान लिहावे, आज मी कोण होतो आणि मला काय वेगळे दिसले, आणि तेच तपासावे.

जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी, नटमंडळी घरी असतील तेव्हा, एका दशावतारी नटाला शनिवारी शाळेत बोलवा. वर्गातील कोणाचा ना कोणाचा काका किंवा मामा निघेलच. त्यांना प्रयोग करायला सांगू नका, मुलांना प्रश्न विचारू द्या. समोरच्याचे बोलणे संपले हे तुम्हाला कसे कळते? शब्द सुचले नाहीत तर काय करता? बाईची चाल कोठून शिकलात? प्रश्न मुलांनी आदल्या तासाला ठरवावेत आणि ज्याचा प्रश्न त्यानेच विचारावा. अडखळत बोलणाऱ्या त्या मुलाने हात वर केला, तर त्याचा प्रश्न पूर्ण होईपर्यंत पाहुण्यांनीही थांबावे, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.